'महारोगी' : एका शब्दाचा इतिहास

अपंग व्यक्तींबद्दल बोलताना शब्द जपून वापरा म्हटलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "शब्दांत काय आहे? भावना चांगली पाहिजे." आज एकाच शब्दाचा इतिहास सांगतो, मग तुम्हीच ठरवा. शब्द आहे 'महारोगी'.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. म्हणजे हा शाप नाही, पाप नाही, रोग आहे, हे तेव्हाच कळलं होतं. तरी १८९८ साली इंग्रज सरकारनं 'लेपर्स ॲक्ट' केला. भीक मागणारा, निर्धन महारोगी वाटला, की पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकत. पुढं डॉक्टरचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि माणूस बंदिस्त! गुन्हा काय? तर कायद्यानं दिलेलं नाव त्याला लागू पडत होतं.

आता दुसरी बाजूही बघा. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला संस्था काढली, तिचं नाव 'महारोगी सेवा समिती'. त्या काळी बोलण्यात हाच शब्द होता. आनंदवनात त्याच माणसांच्या हाताला काम मिळालं, त्यांनी शेती पिकवली. तेव्हा जुना शब्द वापरणारा प्रत्येक जण तुच्छतेनंच बोलत होता, असं नाही.

पण पुढं औषधं आली. आज सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो. रोग गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यानं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांना हक्क दिले. पण १८९८ चा कायदा केंद्राच्या पुस्तकातून गेला २०१६ मध्ये! सुमारे वीस वर्षं एक कायदा हक्क देत होता आणि दुसरा डांबायला मोकळा होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून तर २०१९ पर्यंत कायद्यात होतं.

टायफॉइड बरा झालेल्याला आपण जन्मभर 'टायफॉइडवाला' म्हणतो का? नाही ना? मग 'कुष्ठरोग झालेली व्यक्ती', 'कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती' असं म्हणायला काय हरकत आहे? दोन शब्द जास्त लागतात, एवढंच. आणि रोगाचा उल्लेख करायची गरजच नसेल, तर सरळ त्यांच्या नावानं हाक मारा.