एका बुशाची बखर

इतिहास म्हटला की आपल्या लोकांना घोडा लागतो, तलवार लागते, निदान एखादा तह तरी लागतोच. मोटारीच्या मागच्या चाकाजवळ, पाट्याच्या टोकात, चिखलाने माखून बसलेल्या बोटभर रबराची बखर लिहायला कोणी बसत नाही. मी बसलो आहे, कारण गेल्या महिन्यातले चारही रविवार मी त्या रबराच्या खाली उताणा पडून काढले आहेत.

या रबराला मेकॅनिक मंडळी 'बुश' म्हणतात. अमेरिकेने दोन बुश वापरून पाहिले. थोरले चार वर्षं टिकले, धाकटे आठ. आमच्या पद्मिनीचे अकरा वर्षं टिकले, आणि तेही चौकच्या रस्त्यावर.

चौक हे आमच्या गावाचं नाव. हे सांगावं लागतं, कारण "कुठे राहता?" या प्रश्नाला "चौकात" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न "कुठल्या?" असा येतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बाजूला निघावं आणि रस्ता संपत आला की आमचं गाव लागतं. या भागाला धारावी बेट म्हणतात. (माहीमजवळची धारावी निराळी. दोघींचं नातं नाही. पोस्टमनला मात्र ते पटायला वेळ लागतो.) खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. वसईला वेढा घालायचा तर खाडीच्या तोंडाशी बसलेलं हे बेट हातात हवंच. म्हणून गावाच्या टोकाशी धारावीचा किल्ला आहे आणि तिथे चिमाजी आप्पांचं स्मारकही आहे. पाहुणे आले की किल्ला बघतात, सूर्यास्त बघतात आणि परत जाताना रस्त्याबद्दल बोलतात.

आप्पांच्या फौजेबरोबर तोफांचे गाडे असणार. त्या गाड्यांना बुश होते का? रबराचे तर नक्कीच नव्हते, कारण कामाचं रबर जन्माला यायला त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षं लागली. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या गृहस्थाच्या हातून गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं, अशी कथा सांगतात. एरवी उन्हाळ्यात गुळासारखं चिकटणारं आणि थंडीत खापरासारखं तडकणारं रबर त्या चटक्याने सुधारलं. गुडइयर मात्र सुधारला नाही. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि ती दुसऱ्याच लोकांनी काढली. बँकेत पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस असा झाला आहे की जगातला मोठा शोध ऐकला तरी मनात आधी 'बुडीत खाते' असा शेरा उमटतो.

रबराआधी काय होतं? बैलगाडीला तर पाटेही नव्हते. खालचा दगड थेट वरच्या माणसाच्या मणक्याशी बोलायचा. आसाला वंगण घालत राहायचं, एवढाच काय तो उपाय. पुढे घोडागाड्यांना आणि मोटारींना पोलादी पाटे आले. पण पाट्याच्या टोकाशी लोखंड लोखंडावर फिरायचं, म्हणून तिथे सारखं ग्रीस भरायचं. न भरल्यास गाडी करकरायची. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की लोखंडाच्या दोन नळ्या एकात एक घालाव्या आणि मध्ये रबर दाबून बसवावं. पाटा हलला की रबर नुसतं पिळतं आणि परत सरळ होतं. काही घासत नाही, काही वाजत नाही, ग्रीस मागत नाही. म्हणून याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात. वरून धक्का, खालून धक्का, मध्ये बसून मुकाट्याने पिळून घ्यायचं. कारकुनाला यात नवीन काही वाटत नाही.

आता ही गाडी. मुंबईत मोटारी जुळवण्याचं काम जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुरू केलं. सुटे भाग बोटीने यायचे, इथे नट आवळले की गाडी तयार. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना हे बघवत नव्हतं. गृहस्थाने बोटी केल्या, विमानाचा कारखाना काढला, साखर तर केलीच. मोटार तेवढी राहिली होती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना कुर्ल्याला आला. स्वातंत्र्यानंतर सरकारने बजावलं की नुसते नट आवळू नका, भाग इथे बनवा. ज्यांना ते जमणार नव्हतं त्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचं दुकान १९५४ मध्ये बंद झालं. त्याच सुमाराला कुर्ल्यात इटलीच्या फियाटची ११०० आकार घेऊ लागली. १९६४ मध्ये तिची 'डिलाइट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि मागे पाटे.

मी आईच्या पोटात असताना बाबांनी गाडी नोंदवली आणि मी पहिलीत गेल्यावर ती दारात आली. तेव्हा यात कोणालाच गंमत वाटली नाही. इतकी वाट बघून मिळालेली वस्तू माणूस टाकत नसे, हेही इतिहासकारांनी लिहून ठेवायला हवं. कारखान्यांच्या इतिहासात उत्पादन किती, भांडवल किती, संप किती ते सगळं असतं. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरची चाळीस वर्षं मात्र कोणाच्या वहीत नसतात. ती अंगणातल्या गोणपाटावर गेलेली असतात.

वही म्हटल्यावर घसारा आला. आमच्या हिशेबशास्त्रात वस्तू झिजते त्याला 'घसारा' म्हणतात. तो मोजायच्या दोन पद्धती. चिरंजीव सरळ रेषेच्या पद्धतीचे : ठरलेली वर्षं झाली, किंमत शून्य, गाडी भंगारात. २०२१ च्या भंगार धोरणापासून त्यांना सरकारचाही पाठिंबा मिळाला आहे. मी घटत्या शिल्लकेच्या पद्धतीचा. दरसाल पंधरा टक्के कमी करत गेलं तर चाळीस वर्षांनी बाबांच्या एकेका हजारातला दीड रुपया शिल्लक राहतो. दीड रुपया म्हणजे शून्य नव्हे. बी.कॉम.ला हे पाठ केलं होतं. पटलं मात्र आता.

पण वहीतला घसारा वेगळा आणि पाट्यातला वेगळा. बुश खाल्ला गेला की आधी नुसतं 'खट' वाजतं. मग गतिरोधकावर 'खट्‌खट्' होतं. मग मागचा आस जागचा सरकू लागतो आणि गाडी वळणावर मागच्या बाजूने स्वतःचं मत मांडू लागते. ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी असते, तिची तारीख दीड महिन्यावर आली होती. एका गॅरेजवाल्याने गाडीकडे बघून, बुशाकडे न बघताच, भंगाराचा भाव सांगितला. चिरंजीवांनी तो लिहून घेतला.

तेव्हा शेजारचे अंकल आले. अंकलनी उभं आयुष्य मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर काढलेलं. त्यांनी वाकून पाटा हलवला आणि म्हणाले, "रबर गेलंय. गाडी कुठे गेलीये? तू जॅक धर, बाकी मी बघतो."

'जॅक धर' म्हणजे नुसता जॅक नव्हे. गाडीखाली जायचं तर बॉडीखाली लोखंडी घोड्या लावायच्या, आणि आसाचं ओझं दुसऱ्या जॅकवर घ्यायचं. (घोड्याशिवाय इतिहास होत नाही, हे इथेही खरं ठरलं.) चाकं काढली, आणि मग तो बोल्ट. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बोल्ट आणि बुशाची आतली नळी यांचं असं लग्न लावलं होतं की घटस्फोटाला एक आठवडा लागला. रोज संध्याकाळी बँकेतून आलं की त्यावर रॉकेल-तेल सोडायचं. रविवारी नट सुटला, बोल्ट नाही. अंकलनी शांतपणे हॅक्सॉ काढला. दोन तास आम्ही आळीपाळीने कापत होतो आणि वर व्हरांड्यातून चिरंजीव मोबाइलवर भंगाराचे नवे भाव वाचून दाखवत होते.

जुना बुश ठोकून काढायचा नाही, ओढून काढायचा. लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि पाइपाचा तुकडा. नट आवळत गेलं की बुश खेकड्यासारखा हळूहळू बाहेर येतो. नवा बुश आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे लोखंड आकसतं आणि तो आत सहज बसतो. आमच्या घरी तो सुरमईच्या शेजारी होता. सौभाग्यवतींनी डबा उघडला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मागच्या लटकणीतली रबरं साबणाच्या पाण्याने बसवायची. ग्रीस लावलं तर रबर कुजतं.

खरी मेख शेवटी आहे. पाटा जागेवर आला की हात शिवशिवतात, नट गच्च आवळावासा वाटतो. अंकलनी माझा पाना धरला. "गाडी हवेत असताना आवळू नको." हवेत पाटा लोंबकळत असतो. त्या स्थितीत आवळला आणि मग गाडी खाली घेतली तर बिचारं रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं, आणि वर्षभरात फाटतं. म्हणून आधी चाकं लावायची, गाडी जमिनीवर घ्यायची, तिचं ओझं तिच्यावर येऊ द्यायचं, आणि मग नट आवळायचा. मी तो आवळत असताना अंकल गाडीत मागच्या सीटवर वजनासाठी बसून राहिले. वजनाला विडीही लागते, असं त्यांचं म्हणणं.

बुश आणायला मी कुर्ल्याला गेलो होतो. पद्मिनीचा जन्म कुर्ल्यातला आणि तिचे उरलेसुरले अवयवही कुर्ल्यातच, सी.एस.टी. रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "टॅक्सी?" "नाही, घरची." तो हळहळला. त्याचं खरं गिऱ्हाईक टॅक्सीवाले. मारुती १९८३ मध्ये आली, पद्मिनीचं उत्पादन पुढे शतकाबरोबर संपलं, तरी काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे तिचा माल बाजारात खपत राहिला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती भरली आणि वर्तमानपत्रांत दोन दिवस अग्रलेख आले. अग्रलेखांनी बुश खपत नाहीत. आता कोण बनवणार, असं म्हणून दुकानदाराने गल्ल्याखालून एक खोकं काढलं. "दोन जोड घेऊन जा साहेब, पुढच्या वेळी मी असेन-नसेन."

मी दोन घेतले. पुनर्नोंदणीच्या दिवशी साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला हलकीच लाथ मारली, गाडी चालवून बघितली आणि कागदावर सही केली. पाट्याखाली कोणीही वाकून बघितलं नाही. मला थोडं वाईट वाटलं.

दुसरा जोड कपाटात आहे. रबर वाळू नये म्हणून त्याला पावडर चोळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं असतं, हे अंकलनीच सांगितलं. पावडरचा नवा डबा पंधरा दिवसांत कसा संपला, याची चौकशी सध्या घरात चालू आहे.