पाण्याची खोली आणि माशाचा श्वास



काही वर्षांपूर्वी चैत्रातील एका सोमवारी सकाळी मी सुरतेतील आमच्या शाळेच्या वर्गाचे दार उघडले. काचेच्या टाकीतील सातही मासे पाण्यावर उताणे तरंगत होते. ही टाकी मुलांनी वर्गणी काढून आणली होती. ती अरुंद होती आणि उंची मात्र अडीच फूट. "जितके पाणी खोल, तितके मासे सुखी," हा सल्ला माझाच. आणि शनिवारी शाळा सुटताना विजेचे मुख्य बटण बंद करणारा हातही माझाच. त्या बटणाबरोबर हवेचा पंप थांबला, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेल्या एका कुटुंबातील मुलाने मला विचारले, "बाई, एवढे पाणी होते, मग ते गुदमरले कसे?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधू लागले तेव्हा कळले की, या प्रश्नाशी माणसाची झटापट पावणेदोनशे वर्षांची आहे.

१८४९ साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे ५५ लिटर पाण्याच्या भांड्यात दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. ही वनस्पती आपल्याकडील नद्यातळ्यांतही उगवते. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते आणि उजेडात प्राणवायू देते, हे त्यास ठाऊक होते. परंतु कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

त्यानंतर विलायतेत काचेच्या टाक्यांचे वेडच लागले. पण पुष्कळांचे मासे मरत, पाणी हिरवे होई. चारी बाजूंनी काच म्हणजे चारी बाजूंनी ऊन! वॉरिंग्टनने पुढे एक निराळीच टाकी केली. तिची पाठ उतरती, बाजू अपारदर्शक, उजेड केवळ वरून आणि पाणी मागील बाजूस उथळ. ती दिसावयास फारशी देखणी नव्हती. पण तळ्याचा काठ तसाच असतो.

यातच आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मासा पाण्यात राहतो, परंतु त्या पाण्यात बाहेरून येणारा प्राणवायू पृष्ठभागातून शिरतो. टाकी उंच केली तर पाणी वाढते. पृष्ठभाग तेवढाच राहतो. शिवाय पाणी जितके तापेल तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. २० अंशांवर एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसातच. सुरतेच्या उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि वरच राहते. तळाशी ताजा वायू पोचत नाही. पंपाच्या बुडबुड्यांचे मुख्य काम हवा विरघळवणे हे नसून, तळाचे पाणी पृष्ठभागापर्यंत उचलून आणणे हे असते. आमच्या टाकीत ते काम थांबले.

हीच गोष्ट विल्यम अल्फर्ड लॉइड याने मोठ्या प्रमाणावर केली. १८६४ मध्ये हांबुर्गचे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय त्याने उभारले. तेथे प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा त्याने जमिनीखाली अंधारात ठेवला आणि ते पाणी सतत खेळते राखले. अंधारात शेवाळ वाढत नाही, आणि जमिनीखाली उन्हाचा ताप पोचत नाही.

हे वाचले आणि मला आमच्याच भागातील जुनी घरे आठवली. येथे समुद्र जवळ असल्याने अनेक विहिरींचे पाणी मचूळ. म्हणून सुरत-भरूचकडील जुन्या घरांत छपरावरील पावसाचे पाणी अंगणाखालच्या टाक्यात उतरवीत आणि त्याचे तोंड झाकून ठेवीत. लॉइडच्या तळघराला आणि आपल्या घरच्या टाक्याला एकच गोष्ट ठाऊक होती: साठ्याचे पाणी उजेडापासून जपावे.

आज सुरतेत पाल भागात महानगरपालिकेचे मत्स्यालय आहे. ते २०१४ मध्ये सुरू झाले. ते पाहून आलेली मुले घरीही खोल टाकी मागतात. त्यांच्या पालकांना माझे सांगणे एवढेच. टाकीची उंची नव्हे, पृष्ठभाग मोजा आणि त्या मानाने मासे थोडे ठेवा. पाण्याची उंची दुप्पट झाली की काचेवरील एकूण रेटा चौपट होतो. टाकी मागेपुढे रुंद केल्याने समोरच्या काचेवरील रेटा वाढत नाही. खोल टाकीत उजेड तळापर्यंत पुरत नाही, म्हणून वनस्पती सावलीत तगणाऱ्या निवडा. तळाचा गाळ काढण्यास हात पुरत नाही. रबरी नळीने तो ओढून काढा, आणि त्यासरशी दर आठवड्यास चौथाई पाणी बदला. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आणि वीज गेल्यास पंप बंद पडेल, हे आधीच गृहीत धरा. पेल्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टाकीत सोडीत राहिले तरी मासे तगू शकतात.

आमच्या वर्गात पुन्हा टाकी आली. ती लांबरुंद आहे, पाणी हातभरही खोल नाही, मासे तीन. मुख्य बटणावर त्याच मुलाने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: "बाई, मासे आत आहेत." शनिवारी शाळा सुटताना मी ती अजूनही वाचते.