बडोदे: दरबारातल्या भाषा आणि सराईतली खोली

या शहराला निदान तीन नावे आहेत. मराठी माणूस ‘बडोदे’ म्हणतो, गुजराती माणूस ‘वडोदरा’ म्हणतो आणि इंग्रजांनी केलेले ‘बरोडा’ क्रिकेटपासून बँकेपर्यंत अजून टिकून आहे. तिन्हींच्या मुळाशी वडाचे झाड आहे. इ.स. 812च्या एका ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाने ‘वटपद्रक’ नावाचे गाव दान दिल्याचा उल्लेख सापडतो. 1974मध्ये ‘वडोदरा’ हे नाव अधिकृत झाले, पण बाकीची दोन नावे काही गेली नाहीत.

सतराव्या शतकात, प्रेमानंद कवी माणभट्टांच्या परंपरेत आपली आख्याने रचत होता तेव्हा, हे शहर सर्वार्थाने गुजराती होते. मराठी आली ती घोड्यावरून. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडच्या किल्ल्यावर बस्तान बसवून गुजरातेत चौथाई वसूल करायला सुरुवात केली. 1732मध्ये डाकोर येथे त्यांचा खून झाला आणि 1734मध्ये त्यांचे बंधू महादजी यांनी बडोदे घेतले, ते कायमचे. पुढे हीच गायकवाडांची राजधानी झाली. वाड्यात मराठी, दप्तरात मोडी आणि बाजारात गुजराती अशी वाटणी दीडशे वर्षे चालली. राज्य करणाऱ्यांची भाषा रयतेची नव्हती आणि याचे कोणाला फारसे काही वाटतही नव्हते.

ही घडी बदलली ती एका पदच्युतीनंतर. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या सहा जणांत तीन इंग्रज आणि तीन हिंदी होते आणि त्यांचे एकमत झाले नाही. तरीही 1875मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवण्यात आले. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. शेतकरी घरातला हा मुलगा तोवर शाळेत गेलेला नव्हता. त्याला एकदम मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकायला बसवले गेले. तो वयात येईपर्यंत कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातले होते. बाहेरून आलेल्या भाषेत स्वतःला नव्याने घडवावे लागणे म्हणजे काय, हे तिसरे सयाजीराव म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलाला कोवळ्या वयातच कळले असावे.

आजच्या प्रवाशाला बडोद्यात दिसते ते बहुतांशी या राजाच्या काळातले आहे आणि त्यातले बरेचसे कुठून ना कुठून आणलेले आहे. 1890मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. मँट 1881मध्ये वारले आणि काम मद्रासकडे नाव कमावलेल्या रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले. राजवाड्यासाठी पुराणप्रसंग रंगवले ते केरळच्या राजा रविवर्म्याने. पहिल्या महाराणी चिमणाबाई तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या. त्यांच्या लग्नात आंदणासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले आणि भरतनाट्याचे एक मूळ गुजरातेत रुजले. मौलाबक्ष यांनी 1886मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेत संगीत स्वरलिपीच्या आधारे शिकवले जाई. 1890च्या कलाभवनात धंदेशिक्षण गुजरातीतून मिळे. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी.

यातले काहीही चुकले तरी कीर्तिमंदिर चुकवू नये. गायकवाड घराण्याचे हे स्मारक 1936मध्ये पुरे झाले. त्याच्या मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चित्रे काढली: गंगावतरण, महाभारतातले युद्ध, मीरेचे चरित्र आणि रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’तले प्रसंग. मराठी राजघराणे, गुजराती भूमी, राजस्थानची संत आणि बंगाली नाटक एकाच छताखाली आहेत आणि तिथे उभे राहिले की त्यात काही विसंगत आहे असे वाटत नाही.

भाषेच्या बाबतीत सयाजीरावांनी जे केले ते एखाद्या मराठी राजाला सोपे नव्हते. राज्यकारभाराची, न्यायालयांची आणि शाळांची मुख्य भाषा गुजराती झाली. मराठी शाळा चालू राहिल्या, पण रयतेने राजाची भाषा शिकावी ही अपेक्षा संपली. 1893मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. 1910मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. 1909मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, 1912मध्ये गुजराती साहित्य परिषद. देशी भाषांतल्या ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला गेला. त्यातून ‘श्रीसयाजीसाहित्यमाला’ दोन्ही भाषांत निघाली आणि तिच्यात भाषांतरांचा वाटा मोठा होता.

1931मध्ये या साऱ्यावर कळस चढला तो ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशाचा. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात रांगेने मांडलेले आहेत. भाषांतर करणाऱ्याला हा कोश उघडला की मिटवत नाही. एकाच पानावर आठ भाषा आणि कोणी कोणावर चढलेले नाही.

याच शहरातून निघणाऱ्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुस्तक होते राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ (1916). तिच्यात राजाच्या काव्यसभेची आसनव्यवस्था सांगितली आहे: उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत, पश्चिमेला अपभ्रंश आणि दक्षिणेला भूतभाषेचे कवी. प्रत्येक भाषेला जागा ठरलेली. सयाजीरावांच्या राज्याचे याहून नेमके वर्णन शोधून सापडणार नाही. अरविंद घोषांसारखा बंगाली तरुण 1893मध्ये इंग्लंडहून इथे आला आणि तेरा वर्षांच्या मुक्कामात संस्कृत, मराठी, गुजराती आणि स्वतःची बंगालीसुद्धा इथेच शिकला, यात म्हणूनच नवल नाही.

मात्र भाषांना जागा मिळणे आणि माणसाला जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वर्षांत ‘काव्यमीमांसा’ छापली जात होती, त्याच वर्षांत बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. करारानुसार संस्थानची नोकरी करायला ते 1917च्या सप्टेंबरमध्ये बडोद्याला आले. पदवी होती, हुद्दा होता, महाराजांचा पाठिंबा होता. राहायला खोली मात्र मिळेना. शेवटी एका पारशी सराईत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते, त्यांनीही घरात घ्यायला असमर्थता दाखवली. संध्याकाळपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कमाटीबागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सारे कमालीच्या संयमाने लिहून ठेवले आहे.

आठ भाषांचा कोश ज्या शहरात पुढे तयार व्हायचा होता, त्या शहरात एका माणसाला स्वतःच्या नावाचेच भाषांतर करावे लागले आणि तेही दहा दिवसच टिकले. याचा दोष सयाजीरावांवर टाकून मोकळे होता येत नाही. अस्पृश्यांसाठी शाळा त्यांनी 1880च्या दशकातच काढल्या होत्या आणि तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळत नाहीत हेही त्यांनी अनुभवले होते. दरबारचा हुकूम कोणत्याही भाषेत लिहिता येत होता. घराच्या उंबऱ्याशी आल्यावर तो कोणत्याच भाषेत वाचला जात नव्हता.

मराठी वाचकाने बडोद्याचा अभिमान जरूर बाळगावा. 1932च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारा हा राजा गुजरातीलाही तितकाच आपला वाटावा, यात अभिमान वाटण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ‘बहुभाषिक’ या शब्दाला आपण सहजच ‘उदार’ असा अर्थ चिकटवतो, तो बडोद्याच्या इतिहासापुढे तपासून घ्यावा लागतो. सराईतल्या लोकांची आणि दोन मित्रांची भाषा वेगवेगळी असेल, नकार एकच होता.

1949मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960मध्ये बडोदे गुजरातेत गेले. 1949मध्येच महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी शेक्सपिअर गुजरातीत आणला होता. आज दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात मराठी कानावर पडते, त्यात गुजराती शब्द बिनदिक्कत येऊन बसलेले असतात. रस्तोरस्ती ‘सेव उसळ’ मिळते. तिच्यातली ‘उसळ’ आणि वरची ‘तरी’ मराठी घरांतून आली, हे खाणाऱ्याला ठाऊक असायची गरज उरलेली नाही. चांगल्या भाषांतराचे असेच होते.

कमाटीबागेजवळ आता ‘संकल्पभूमी’ आहे. बाबासाहेब बसले होते तो म्हणून तिथे एक वड दाखवतात आणि दर सप्टेंबरला लांबून लोक येतात. बडोदे पाहायला जाणाऱ्याने राजवाडा आणि कीर्तिमंदिर पाहून झाल्यावर इथेही थोडा वेळ काढावा. वडाच्या नावाने वसलेल्या या गावाचा इतिहास त्या सावलीत बसल्याखेरीज पुरता समजत नाही.