वादळ कीं भूकंप? वसईच्या एका आपत्तीची साक्ष

वसईच्या किल्ल्यांत आज जाणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या भिंती. ख्रिस्ती देवळांच्या भिंती उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा उभा आहे. नाहींत तीं छपरें, कवाडें, खिडक्या आणि घंटा. चिमाजी आप्पांनीं मे १७३९ मध्यें किल्ला घेतला त्यानंतर घंटा महाराष्ट्रांतील देवालयांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा त्यांपैकींच एक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ह्या शहराच्या छपरांवर एक मोठा घाला त्याच्याही सुमारें सव्वाशें वर्षें आधीं, मे १६१८ मध्यें, पडला होता.

त्या आपत्तीचें वर्णन गेर्सन द कुन्हा यांच्या १८७६ सालच्या चौल-वसईविषयक ग्रंथामुळें पुढच्या वाचकांस परिचित झालें. आधीं रोगराई आली. मग एके दिवशीं आभाळ भरून आलें, मेघगर्जना झाली, आणि वारा असा सुटला कीं, आतां समुद्र शहर गिळणार असें लोकांस वाटलें. मठांतील संन्यासी रस्त्यावर येऊन जगाचा अंत जवळ आल्याचें सांगूं लागले. पुष्कळ घरें जमीनदोस्त झालीं, देवळांचीं व मठांचीं छपरें गेलीं, हजारों माड मुळांसकट उपटून पडले. त्यानंतर पावसानें दगा दिला आणि दुष्काळ पडला.

येथवर कथा सरळ आहे. परंतु हीच आपत्ति पुढें भूकंपांच्या याद्यांतही जाऊन बसली. मुंबई, मे १६१८, दोन हजार माणसें आणि साठ जहाजें यांचा नाश, अशी ती नोंद. एका यादीकारानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरून घेतलें, आणि वादळाच्या शेजारीं भूकंप कायमचा बिऱ्हाडकरू झाला. आतां ह्या जुन्या खटल्याचा निवाडा करावयाचा तो कशावरून? साक्षीदार कोणी उरला नाहीं. उरली ती नुकसानीची हकीकत. आणि नुकसान हाच येथें उत्तम साक्षीदार आहे.

वारा घराला बाहेरून धरतो. तो कौलें उचलतो, गलबतें फोडतो, माड उपटतो. भूकंपाची सुरुवात आंतून होते. टांगलेला दिवा झुलतो, फळीवरचीं भांडीं खालीं येतात, गिलावा सुटतो, कोपऱ्यांना भेगा जातात, गच्चीचा कठडा रस्त्यावर ढांसळतो. आणि लवचिक माड मात्र डुलून पुनः सरळ उभा राहतो. ह्या कसोटीस वसईची हकीकत लावून पाहिली तर पारडें वाऱ्याकडे झुकतें. असा घोटाळा एकदांच झाला असेंही नाहीं. १७३७ सालीं कलकत्त्यास तीन लाख माणसें भूकंपानें मेलीं असें दीर्घकाळ छापलें जात होतें. रॉजर बिल्हॅम यांनीं १९९४ मध्यें जुने कागद तपासून तें चक्रीवादळ असल्याचें दाखवून दिलें. तीन लाखांची वस्तीच तेव्हां त्या शहरांत नव्हती!

खऱ्या भूकंपाची साक्ष महाराष्ट्रानें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे पाहिली. किल्लारीच्या परिसरांतील पुष्कळ जुन्या घरांत माळवदाचा भार लांकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता. हादऱ्यानंतर अनेक ठिकाणीं खण उभेच राहिले. पडल्या त्या भोंवतालच्या दगडमातीच्या जाड भिंती, आणि त्या निजलेल्या माणसांवर पडल्या. त्यापूर्वीं, ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचें धरण तडे जाऊनही उभें राहिलें. तरी वीज खंडित झाल्यानें उद्योगधंदे ठप्प झाले.

स्थापत्यशास्त्रज्ञ इमारतीचे दोन भाग मानतात: भार वाहणारे आणि न वाहणारे. पहिल्यांत खांब व तुळया. दुसऱ्यांत पडद्या, छतें, कांचा, नळ, दिवे, कपाटें, यंत्रें. पहिल्यांचा हिशेब काटेकोर होतो, दुसऱ्यांचा बहुधा होतच नाहीं. वास्तविक रुग्णालयासारख्या इमारतीच्या एकूण खर्चांत पहिल्या भागाचा वाटा दशांशाहूनही कमी असतो, असा अमेरिकेंतील एक अंदाज आहे. कॅलिफोर्नियांतील ऑलिव्ह व्ह्यू हें रुग्णालय १९७१ च्या भूकंपांत मोडलें. तें पुनः इतकें भक्कम बांधलें कीं, १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपांत त्याचा सांगाडा जवळजवळ अभंग राहिला. परंतु आंतले पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झालें, आणि रुग्णांची सर्वांत अधिक गरज असलेल्या दिवशींच रुग्णांना बाहेर हलवावें लागलें. इतका महाग विनोद क्वचितच कोणा इमारतीनें केला असेल.

वसईला हें दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. त्याच पालघर जिल्ह्यांत, उत्तरेस डहाणू-तलासरीच्या बाजूस, धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यांतील मोठ्या धक्क्यांची तीव्रताही ४ च्या थोडीशीच वर होती. भिंतींना भेगा पडल्या, लोक थंडींत तंबूंत निजूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याच्या वेळीं भीतीनें घराबाहेर धांवतांना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यु झाला.

वसई-विरार शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारींतच बारा लाखांवर गेली होती. कौलारू घरांच्या जागीं काँक्रीटच्या सांगाड्यांत विटांच्या पडद्या भरलेल्या चार-सात मजली इमारती आल्या. गच्चीवर पाण्याच्या टांक्या, खिडकींत लोखंडी जाळ्या, बिछान्याच्या उशाशीं लोखंडी कपाट. खांब पुरेसे आहेत कीं नाहींत हें भाडेकरूस पाहतां येत नाहीं. परंतु कपाट भिंतीशीं दोन पट्ट्यांनीं जखडणें, गॅसच्या टाकीस सांखळी घालणें, उशावरची जड तसबीर हलविणें, हीं कामें एका दुपारचीं आहेत. जुन्या स्वयंपाकघरांत फळीच्या कडेला बारीक पट्टी ठोकीत, तांब्या-वाट्या घरंगळूं नयेत म्हणून. जपानांतील घरांत आज कपाटांना जे आधार लावतात, त्यांचें काम ह्याहून फारसें वेगळें नाहीं.