शनिवार तेली ते व्हॉट्सॲप स्टेटस

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस बघतोय. खंडाळ्याच्या आमच्या ओळखीच्या वहिनी स्टेटसवर पांढऱ्या कांद्याच्या माळांचा फोटो टाकतात. फोटो धड नसतो, तरी संध्याकाळपर्यंत माळा संपतात. दुसरीकडे फेसबुकवर चकाचक फोटो टाकणाऱ्याला नुसत्याच 'भाव काय?' अशा कमेंट. असं का?

मोबाईल बाजूला ठेवून जरा मागे जाऊ. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्रायली कुटुंबं पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी त्यांचा शब्बाथ, घाणा बंद. म्हणून त्यांचं नाव पडलं 'शनिवार तेली'. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. तेल्याचा धर्म नेमका कुठला हे गावाला कळो न कळो, त्याची सुट्टी पाठ होती. तेल संपत आलं तर शुक्रवारीच आणायचं. १९४८ नंतर त्यांच्यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागेत इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे.

मासळीचंही तसंच. दारात पाटी उतरवणारी कोळीण आधी घरच्यांची चौकशी करणार, मग भाव. घासाघीस जोरात, पण घर ठरलेलं. आज शिळं दिलं तर उद्या त्याच दारात यायचंय, हे तिलाही ठाऊक. अर्थात सगळं गोडच होतं असं नाही. उधारी थकली की दुसरीकडे जायची चोरी, आणि ओळखीत माल खराब निघाला तर बोलायची पंचाईत. ती अजून आहे.

२०२० साली टाळेबंदी आली, त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ. दारावर येणं बंद झालं, तेव्हा हीच ठरलेली घरं व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. बाजार नवा, गिऱ्हाईक जुनंच.

आता कांद्याचं. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आपल्या पांढऱ्या कांद्याचा उल्लेख आहे, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाहेरचा कांदाही अलिबागचा म्हणून खपतो, आणि फोटोत दोन्ही पांढरेच! गेल्या वर्षी मीच एका पेजवरून मागवला. पैसे आधी भरले. आला तो तिखटजाळ. फोन केला तर नंबर ब्लॉक. (पत्रकार म्हणे!)

मग वहिनींना फोन लावला. भाव विचारलाच नाही. त्याच म्हणाल्या, "भाऊ, यंदा कांदा बारीक आहे, चालेल ना?"

विकण्याआधी मालाची खोट सांगणारा माणूस पेजवर कुठून मिळणार? म्हणून अनोळखी पेजवर माणूस दहा वेळा भाव विचारतो, कमेंट वाचतो आणि न घेता निघून जातो. फार झालं तर एक किलो मागवून बघतो.

पण यात वहिनींचंही अडतंय. ज्यांच्याकडे त्यांचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच स्टेटस दिसतो, म्हणजे गाव, नातेवाईक आणि आमच्यासारखे चार जण. शेत वाढवलं तर माळा घेणार कोण? त्यांच्या मुलीने पेज काढलंय, त्यावर अजून एकही ऑर्डर नाही. परवा ती मला विचारत होती, "काका, सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना माळ देताना त्यांचा नंबर मागून घेतला तर चालेल का?"

म्हटलं, घे. आणि आपला पण दे.