जठराची साक्ष आणि मोजणारी साधने



गव्हाचे पोते तराजूत घातले म्हणून गहू काही वेगळा वागत नाही. जठराची गोष्ट निराळी आहे. जेवणानंतर ते कसे चालते हे पाहावे म्हणून आत एखादे साधन सोडावे, तर जठर त्या साधनाचाही समाचार घेऊ लागते. मग वहीत उतरते ते जेवणाचे कार्य की साधनाचे, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे शास्त्रज्ञांपुढे उभा आहे.

त्याचा आरंभ एका अपघातात झाला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कॅनेडियन मजुराला जवळून सुटलेल्या बंदुकीचा बार लागला. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याचे प्राण वाचविले. परंतु जठरात उघडणारे छिद्र कायमचे राहिले. १ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मांस, शिळा पाव व कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्यास बांधून त्या छिद्रातून आत सोडले. काही तासांतच मार्टिनचे पोट अस्वस्थ झाले, डोके दुखू लागले आणि दोरा काढून घ्यावा लागला. पुढे उष्णतामापक आत सरकविला, तेव्हा जठराच्या स्नायूंनी तो पकडून आतड्याच्या दिशेने ओढला! रिकाम्या जठरात नळी शिरताच रस पाझरतो, असेही बोमाँट यांनी आपल्या १८३३ च्या ग्रंथात नोंदविले.

रशियात पाव्हलॉव यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे मत खोडून काढले. जठराच्या अस्तरावर नुसते पीस फिरविले तर रस येत नाही. अन्न दिसले, भूक चाळवली की येतो, असे त्यांनी १८९७ साली मांडले. तेव्हा साधनाच्या स्पर्शाकडे किती श्रेय द्यावयाचे, हाच वादाचा विषय ठरला.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि जठरात नळी न घालता आत पाहण्याची सोय झाली. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन जठराच्या लाटा पाहिल्या. परंतु बांधलेले मांजर चवताळले की लाटा थांबत आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. साधन बाहेर राहिले, तरी बंधनाचा त्रास आत पोहोचलाच. शाळातपासणीस वर्गात शिरल्यावर मुले जशी वागतात, तशी ती एरवी वागत नाहीत. त्यातलाच हा प्रकार!

पुढे १९१२ साली कॅनन यांनीच वॉशबर्न या सहकाऱ्यास रबरी फुगा गिळावयास लावून, भुकेची कळ आणि जठराचे आकुंचन एकाच वेळी येतात असे दाखविले. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. मात्र १९५९ साली अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, फुगाच रिकाम्या जठरास चाळवितो. ज्या साक्षीदारावर विसंबावयाचे, तोच प्रकरणात सामील होता.

म्हणून साधनच जठराबाहेर ठेवण्याकडे लक्ष वळले. १९६६ साली कार्डिफ येथे न्याहारीत किरणोत्सर्गी क्रोमियम मिसळून, जठर किती वेळात रिकामे होते हे शरीराबाहेरून मोजण्यात आले. आज चुंबकीय प्रतिमाही घेता येतात. तरीही त्या बहुधा उताणे निजवून घेतात, आणि घरी कोणी निजून जेवीत नाही. बसण्यानिजण्याचा परिणाम अन्न पुढे सरकण्यावर होतोच.

याचा अर्थ मोजमाप व्यर्थ आहे, असा मुळीच नव्हे. बोमाँट यांच्या निरीक्षणांशिवाय पचनाचे ज्ञान फार मागे राहिले असते. परंतु ज्या मार्टिनच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले, तो १८८० साली वारला तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी शवविच्छेदन होऊ दिले नाही. आणखी एकदा त्याचे पोट उघडून दाखविणे त्यांना नको होते. आपल्या हाती जठराच्या तपासणीचा अहवाल येतो, तेव्हा आकड्याबरोबर एवढे विचारावे: मोजताना आत काय घातले होते, रोग्यास कसे बसविले होते, आणि तो घाबरला होता काय? जाणते वैद्य हे आपणहून विचारतात. आपणही विचारावयास संकोचू नये.