बोरघाटातील अपघात आणि त्यांचा शोध

मंडळी, कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी उभी राहिली की आपण लगबगीने बटाटेवडा घेतो. गाडी थांबते ती मात्र वड्यासाठी नव्हे, बरं का! पुढे बोरघाट आहे. त्या चढावर मागून रेटा द्यायला बहुतेक गाड्यांना येथे जादा इंजिने जोडतात. चढण्याची ही सोय डोळ्यांना दिसते. उतरण्याची सोय फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि घाटाचा खरा धोका तर उतरण्यातच आहे. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगायला नको. चढावर बैल थकतो, उतारावर गाडीच बैलाच्या अंगावर येते.

आधी थोडा इतिहास. १८५६ च्या मे महिन्यात रेल्वे पळसदरीवरून खोपोलीस आली. वर खंडाळा ते पुणे हा रस्ता १८५८ साली सुरू झाला. मधला घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढायचा. हा दुवा जोडण्याचे कंत्राट प्रथम फॅविएल नावाच्या साहेबाने घेतले आणि १८५९ साली सोडून दिले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच आठवड्यांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. १८६१ साली घाटात ४२ हजारांवर माणसे खपत होती. पटकीने आणि तापाने त्यांतली कितीतरी गेली, त्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि जेथे चढ फार तेथे सदतीस फुटांमागे एक फूट!

या आठांपैकी एक पूल महूकीमळीचा. पन्नास-पन्नास फुटांच्या आठ दगडी कमानी. दिसायला मोठा देखणा. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. बांधून पुरती पाच वर्षेही झाली नसतील असे म्हटले तरी फार चूक होणार नाही. शिवाजी महाराजांच्या वेळचे बुरूज त्याच सह्याद्रीच्या पावसात उभे आहेत, आणि विलायती इंजिनियरांचा पूल का पडावा?

तपास झाला तेव्हा उत्तर पुलाच्या पोटात सापडले. बाहेरून घडीव दगडाचे कवच चांगले होते, पण आत नुसता दगडगोट्यांचा भर आणि हलका चुना. पाणी आत मुरले की असल्या भिंतीचे पोट फुगते, आणि कवच सुटते. येथवर गोष्ट एका पुलाची होती. पण शहाणपण असे की तपास तेथेच थांबला नाही. एक पूल असा निघाला, तर त्याच घाईत, तसल्याच हातांनी बांधलेल्या बाकीच्यांचे काय? म्हणून कंपनीच्या मार्गावरची इतर दगडी कामेही तपासली गेली, आणि त्यांतली पुष्कळ दुरुस्त करावी लागली किंवा नव्याने बांधावी लागली. पडलेला पूल गेलाच, पण न पडलेले पूल त्याच्यामुळे वाचले. माझ्या मते आपल्या भागातल्या रेल्वेच्या इतिहासात उद्घाटनाच्या समारंभापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र समारंभच येतो.

दुसरा अपघात दीड वर्षाने, १८६९ च्या जानेवारीत झाला. खोपोलीच्या डोक्यावर, खंडाळ्याच्या अलीकडे, तेव्हा एक उलटे स्टेशन होते. डोंगराच्या सोंडेवर वळायला जागा नाही, म्हणून गाडी एका फाट्याने शेवटापर्यंत जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि मग ती दुसऱ्या फाट्याने उलटी निघायची. म्हणजे वरून येणाऱ्या गाडीला तेथे थांबलेच पाहिजे. पुढे रूळ नाहीत, दरी आहे. त्या दिवशी उतरती गाडी आवरली नाही. स्टेशन ओलांडून, शेवटचा अडसर मोडून ती पलीकडे गेली आणि माणसे प्राणास मुकली.

त्या काळचे ब्रेक कसे होते? काही ठराविक डब्यांत ब्रेकवाले बसत, आणि इंजिनाची शिटी ऐकून हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. ओल्या रुळावर, मोठ्या वजनाखाली तेवढ्याने भागत नसे. पुढे सगळ्या गाडीभर एकच नळी असलेले ब्रेक आले. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतात, सुटत नाहीत. यंत्र बिघडले तरी बिघाड धोक्याच्या बाजूने नको, सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, ही त्यातली युक्ती. उलटे स्टेशन १९२९ साली नवा मार्ग काढून बंद केले. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. उतरताना त्यांच्या मोटारी उलट वीज निर्माण करून तारेत सोडत आणि गाडीला रोखूनही धरत.

घाटातल्या पकड-सायडिंगांची युक्तीही हीच. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी ही नावे आपल्या ओळखीची. उताराच्या मार्गाला येथे चढावर जाणारा एक आंधळा फाटा असतो, आणि सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून आपले ब्रेक शाबूत असल्याचे दाखवते, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. जी थांबली नाही ती आपोआप चढावर जाते आणि तेथे तिचा वेग मरतो.

आता प्रश्न असा की अपघाताची चौकशी करायची कोणी? ज्याची गाडी त्यानेच केली, तर वाटेकऱ्याच्या तंट्यात एका वाटेकऱ्यालाच पंच नेमल्यासारखे होईल. १८९० च्या कायद्याने सरकारी निरीक्षकांना हा अधिकार दिला. पण १९०५ नंतर ते रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली आले. १७ जुलै १९३७ रोजी बिहारात बिहटा येथे गाडी घसरून शंभरावर माणसे मेली. त्या जातीच्या इंजिनांची चौकशी करणाऱ्या समितीने १९३९ साली स्पष्ट सांगितले की निरीक्षक बोर्डापासून वेगळे हवेत. १९४१ साली ते टपाल व विमान खात्याकडे गेले. म्हणून आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ऐकायला विचित्र, पण कारण चांगले आहे.

रुळावर खुणा तरी राहतात. पाण्यावर त्या राहत नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेवर माणसे गेली, त्यांत आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली कितीतरी. मुंबईला ती बातमी कित्येक तास कळली नाही. जे पोहून आले त्यांचे सांगणे हाच मुख्य पुरावा. ७ जुलै १९६२ च्या रात्री जुन्नरजवळच्या डोंगरावर इटालियन विमान आदळले, ९४ माणसे गेली. तेथे साक्ष द्यायला कोणीच उरले नव्हते. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे समजून वैमानिक वेळेआधी खाली उतरला, हे मार्ग, वेळ आणि उंची यांचा मेळ घालून काढावे लागले.

रेल्वेच्या चौकशीत चाकाने लाकडावर पाडलेला ओरखडा, केबिनमधला खटका कोठे होता, नोंदवहीतली मिनिटे, हे सारे तपासतात. त्याबरोबर वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते. अपघाताविषयी काही ठाऊक असणाऱ्या कोणीही यावे, नाहीतर लिहून कळवावे. त्यात फाटकवाला येतो, रुळाकडेला गवत कापणारी बाई येते, शाळेत निघालेले पोरही येते. कित्येकजण भितात, आपल्याच गळ्यात पडेल म्हणतात. म्हणून शिक्षकबंधूंनी गावात हे आवर्जून सांगावे, की १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे आयुक्तांपुढे दिलेली साक्ष साक्षीदाराविरुद्ध कोर्टात वापरता येत नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष दिली तर.